पहिला वॉटर पेपर घाईत सोडू नका

हाताने बनवलेलं पॉलिमर क्लेचं, म्हणजे ओव्हनमध्ये भाजून कडक होणाऱ्या प्लास्टिकच्या मातीचं कानातलं कुणाच्याही हातात द्या, डोळे डिझाइन बघत असतात आणि अंगठा आपोआप कडेवरून फिरायला लागतो. रंग छान जमलेत, पॅटर्न मस्त उठलाय, पण कडेला कटरची, म्हणजे आकार कापायच्या साच्याची ती बारीक धार राहिली असेल किंवा मागची बाजू खरखरीत असेल तर अंगठ्याला ते लगेच कळतं, आणि मग माणूस वाईट काही बोलत नाही पण दागिना परत खाली ठेवतो. फोटोत हे काहीच दिसत नाही, म्हणून बऱ्याच जणांसाठी फिनिशिंग म्हणजे शेवटचं कंटाळवाणं काम, भाजून झालं की दोनचार हात पॉलिश पेपर मारायचा, वर व्हार्निश, झालं. मला मात्र सगळ्या प्रोसेसमध्ये हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो आणि आज त्यावरच सविस्तर लिहितेय, कारण या विषयावर "चमक येण्यासाठी वरून काय लावू" हा प्रश्न भरपूर विचारला जातो आणि "आधी सपाट कसं करू" हा जवळजवळ कुणीच विचारत नाही.

सँडिंग म्हणजे भाजलेला तुकडा घासकागदाने घासणं, आणि त्यात दोन वेगळी कामं आहेत, ती डोक्यात वेगळी ठेवली की बाकी सगळं सोपं होतं. एक काम म्हणजे आकार नीट करणं, म्हणजे उंचवटे, खळगे, बोटांचे ठसे, कडेची धार, लाटणं फिरवताना आलेल्या लाटा हे सगळं काढून पृष्ठभाग एकसारखा करणं. दुसरं काम म्हणजे पहिल्या कामाने पाडलेले ओरखडे बारीक बारीक करत नाहीसे करणं. पहिलं काम फक्त पहिल्या, म्हणजे सगळ्यात खरखरीत कागदावर होतं. नंतरचे कागद फक्त आधीच्या कागदाचे ओरखडे पुसतात, त्यांना उंचवटा कापायला लावलं तर तासभर घासाल आणि उंचवटा तिथेच, फक्त गुळगुळीत झालेला. त्यामुळे पहिल्या कागदावर जेवढा वेळ जाईल तेवढा जाऊ द्या, माझ्या मते एकूण वेळातला निम्मा तिथे गेला तरी चालेल.

आणि गंमत अशी की व्हार्निश किंवा रेझिन बारीक ओरखडे लपवतं, पण लाटा आणि उंचवटे उलट जास्त उठून दिसतात. ओरखडा पांढरट दिसतो कारण त्याच्या खडबडीत भिंतींवर उजेड सगळीकडे विखुरतो, त्यात पारदर्शक थर जाऊन बसला की विखुरणं कमी होतं आणि ओरखडा दिसेनासा होतो. पण चकचकीत पृष्ठभागावर खिडकीचं प्रतिबिंब पडतं ना, ते सपाट जागी सरळ दिसतं आणि लाट असेल तिथे वाकडं, म्हणजे मॅट असताना जी चूक कुणाला दिसली नसती ती चकाकीमुळे लांबून दिसते. म्हणून जाड थर लावला की सगळं झाकलं जाईल हा हिशोब चुकतो.

आता सँडिंगच्याही आधी भाजण्याबद्दल बोलायला हवं, कारण नीट न भाजलेली क्ले कितीही घासा, चांगली होत नाही. पॉलिमर क्ले म्हणजे मुळात पीव्हीसीचे अतिबारीक कण आणि त्यांना मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर. उष्णतेने ते प्लास्टिसायझर कणांमध्ये शोषलं जातं आणि कण एकमेकांना चिकटून एकजीव होतात. तापमान कमी पडलं किंवा वेळ कमी दिला तर कण अर्धवटच जोडले जातात, मग घासताना कडेचे बारीक तुकडे निघतात, पृष्ठभाग खडूसारखा होतो आणि चमक काही केल्या येत नाही. ब्रँडप्रमाणे तापमान बदलतं, फिमोला ११० अंश सेल्सिअस पुरतं, प्रीमोला १३० च्या आसपास लागतं, केटो पॉलीक्लेला १५०. पाकिटावर लिहिलेलं वाचा आणि ओव्हनमध्ये वेगळा थर्मामीटर ठेवा, ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यात बराच फरक असू शकतो. वेळ थोडा जास्त गेला तर बिघडत नाही, तापमान जास्त गेलं तर बिघडतं, आधी रंग काळपटतो आणि पुढे जळायला लागली तर पीव्हीसीमधून हायड्रोजन क्लोराइडचा उग्र, त्रासदायक धूर निघतो. तसं झालंच तर ओव्हन बंद, खिडक्या उघड्या आणि आपण खोलीबाहेर. तपासायचं असेल तर त्याच क्लेची एक पातळ पट्टी सोबत भाजा, पूर्ण गार झाल्यावर वाकवून बघा, न मोडता वाकली पाहिजे. जाड तुकड्यासाठी हा पुरावा पुरेसा नाही अर्थात, जाडीप्रमाणे वेळ वाढवावाच लागतो.

भाजण्याआधी जेवढं साफ कराल तेवढं नंतर घासावं लागणार नाही, हे तर उघडच आहे. बोटांचे ठसे कच्च्या क्लेवरून बोटाला किंचित कॉर्नफ्लोर लावून हलकेच घासले की जातात, किंवा आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवून जवळजवळ कोरडा केलेला मऊ ब्रश फिरवा. कटर मारताना क्लेवर आधी पातळ क्लिंग फिल्म ताणून ठेवली आणि तिच्यावरून कटर दाबला तर कड आपोआप गोलसर येते, धार राहत नाही, कडेचं निम्मं सँडिंग तिथेच वाचलं. हवेचे बुडबुडे असतील तर बारीक सुईने टोचून हवा बाहेर काढा आणि जागा दाबून सारखी करा, भाजल्यावर ते फुगून वर येतात आणि घासायला गेलात की खड्डा उघडा पडतो. अजून एक, थेट गुळगुळीत टाइलवर भाजलं की मागच्या बाजूला चकचकीत डाग पडतात, कुठे चमक कुठे नाही असं. मध्ये साधा कोरा कागद घातला की मागची बाजू एकसारखी मॅट येते.

आता कागद. लाकडावर वापरतात तो साधा पॉलिश पेपर इथे नको, तो पाण्यात गळून जातो. आपल्याला हवा वॉटर पेपर, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचा काळा किंवा करडा कागद जो ओला करून वापरतात. गाडीच्या रंगकामाला लागतो तोच. आता त्याच्या मागे जो आकडा छापलेला असतो त्यात एक घोळ आहे आणि तो समजून घेतला तर बाहेरचे व्हिडिओ बघून होणारा गोंधळ टळतो. आकड्याच्या आधी "पी" असेल तर ते युरोपियन माप, नसेल तर बहुतेक वेळा जुनं अमेरिकन माप, आणि खरखरीत कागदांत दोन्ही जवळपास सारखी असली तरी बारीक कागदांत चांगलीच लांब जातात. पी ४०० चा कण साधारण ३५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पी ६०० चा २६, पी ८०० चा २२, पी १००० चा १८, पी १२०० चा १५ आणि पी २००० चा १०. अमेरिकन ४०० चा कण साधारण २३ मायक्रॉन, म्हणजे तो पी ८०० च्या जवळ जातो, आणि अमेरिकन ६०० तर १६ मायक्रॉन, म्हणजे पी १००० पेक्षाही बारीक. एखादी अमेरिकन बाई व्हिडिओत सांगते की ६०० वर थांबले तरी मस्त सॅटिन, म्हणजे मंद चमकीचं फिनिश येतं, तुम्ही पी ६०० घेऊन बसता आणि तुमचा तुकडा खरखरीत दिसतो, तर तुमच्या हाताचा काही दोष नाही, कागदच वेगळा आहे. तसंच मायक्रो-मेशच्या त्या रंगीत कापडी पॅडचं, त्यांची स्वतःची वेगळीच मोजणी आहे, त्यावरचा १५०० हा वॉटर पेपरच्या १५०० पेक्षा बराच खरखरीत असतो. त्यामुळे दोन्ही मिसळून वापरणार असाल तर आकड्यांवर न जाता बोटाने आणि ओरखडे बघून क्रम लावा.

मी स्वतः पी मापातच सगळं सांगतेय इथून पुढे. साधारण कानातल्यासाठी माझा क्रम पी ४००, ६००, ८००, १००० आणि मग चमक हवी असेल तर १५००, २०००. कड फारच वाईट असेल, किंवा दोन थरांचा जोड उंचखाली झालेला असेल तर पी ३२० ने सुरुवात, त्याच्याही खाली गेलात तर ओरखडे इतके खोल पडतात की नंतर ते काढण्यातच जीव जातो. आणि मधले कागद गाळू नका प्लीज, ४०० वरून एकदम १५०० वर उडी मारली तर ४०० च्या चरांचा वरचा काठ तेवढा गुळगुळीत होतो, चर तसेच राहतात, आणि बफिंग, म्हणजे कापडाने घासून चकाकी आणणं, केल्यावर ते सगळे दिसायला लागतात.

पाण्याचं काय काम? एक तर भुकटी हवेत उडत नाही, दुसरं म्हणजे कागदाचे कण भुकटीने बुजत नाहीत, आणि तिसरं म्हणजे घर्षणाची उष्णता कमी होते, क्ले तापली की मऊ पडते आणि कापली जाण्याऐवजी ओढली जाते. एका पसरट भांड्यात कोमट पाणी आणि डिशवॉश लिक्विडचा एक थेंब, एवढं पुरतं. कागद काही मिनिटं भिजू द्या म्हणजे तो लवचीक होतो, नाहीतर त्याचे कडक कोपरे क्लेवर रेघा ओढतात, शक्यतो कोपरे कापूनच टाका.

सपाट तुकड्याला कागद हातात धरून घासू नका. काच किंवा गुळगुळीत टाइल घ्या, त्यावर ओला कागद ठेवा, तो पाण्यानेच चिकटून बसतो, आणि तुकडा कागदावर फिरवा. हातात कागद धरला की बोटं जिथे दाबतात तिथे जास्त कापलं जातं, मधे खड्डा आणि कडा उतरलेल्या, मग तुम्ही कितीही बारीक कागदावर जा, प्रतिबिंब वाकडंच. तुकड्यावर दोन बोटं पसरून ठेवा, दाब हलका, गोल गोल किंवा इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवा, आणि थोड्या थोड्या वेळाने तुकडा पाव वळवा, कारण आपला हात कायम एकाच बाजूला जास्त दाब देतो आणि तुकडा एका बाजूने पातळ होत जातो. पेंडंट किंवा घुमटासारखं फुगीर काही असेल तर उलट, तिथे कागदाच्या खाली स्पंज हवा म्हणजे तो वळणावर बसतो. आतल्या गोलाईसाठी, म्हणजे रिंगच्या भोकात वगैरे, कागद पेन्सिलीवर किंवा जाड काडीवर गुंडाळा.

कडेवर मी सगळ्यात जास्त रेंगाळते. आधी तुकडा उभा धरून कड सरळ घासायची, कटरच्या जोडाची रेघ असते ती पूर्ण जाईपर्यंत. मग तुकडा ४५ अंशात तिरका धरून वरच्या कोपऱ्यावरून अगदी हलका हात फिरवायचा, फक्त धार मोडायची, आणि तेच खालच्या कोपऱ्याला. खालचा कोपरा विसरला जातो कारण तो दिसत नाही, पण कानातलं घालताना बोटं तिथेच लागतात आणि मानेला, जबड्याला घासतो तो पण तोच. धार मोडताना प्रत्येक ठिकाणी सारखे हात मारा, नाहीतर वर्तुळ असेल तर ते कुठे जाड कुठे बारीक दिसायला लागतं. जोडीतले दोन्ही तुकडे एकाच कागदावर एकापाठोपाठ करत जा आणि मधून मधून एकावर एक ठेवून बघा. एक पूर्ण करून मग दुसरा घेतला तर तोपर्यंत कागद झिजलेला असतो, हात दमलेला असतो, आणि जोडी जुळत नाही.

एक कागद संपला, म्हणजे पुढच्यावर जायला हरकत नाही, हे ठरवायचं कसं? तुकडा धुवा आणि पूर्ण कोरडा करा. ओल्या तुकड्यावर ओरखडे दिसतच नाहीत, तेच कारण, चरांमध्ये पाणी भरलेलं असतं, सगळं छान वाटतं आणि वाळलं की खरं रूप. कोरडा तुकडा एका दिव्याच्या बाजूला तिरपा धरा, जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत, आणि फिरवत रहा. इथे एक युक्ती फार कामाची, प्रत्येक कागदावर घासण्याची दिशा बदलायची. ४०० वर आडवं घासलं असेल तर ६०० वर उभं. मग उभ्या रेघांमध्ये एकही आडवी रेघ दिसली तर ती ४०० ची उरलेली आहे, पुढे जायचं नाही. गोल गोल फिरवत असाल तर शेवटचे काही हात तरी एका दिशेने मारा म्हणजे हे ओळखता येतं. कागद बदलला की पाणी पण बदला, आणि तुकडा ब्रशने धुवा, खरखरीत कागदाचा एखादा सुटा कण बारीक कागदाखाली आला तर एकच लांब खोल रेघ उमटते आणि दोन पायऱ्या मागे जावं लागतं.

पहिल्या कागदासाठी अजून एक खात्रीची तपासणी आहे. सपाट पृष्ठभागावर घासायला लागलं की जिथे कागद टेकतो तिथे मॅट होतं आणि जिथे खळगा असेल तिथली जागा मूळ चमकदारच राहते. ते चमकदार ठिपके पूर्ण जाईपर्यंत थांबायचं नाही. एखादा ठिपका फारच हट्टी असेल, म्हणजे खोल खड्डा असेल तर सगळा तुकडा तेवढा पातळ करण्यात अर्थ नाही, खड्ड्यात त्याच रंगाची थोडी क्ले किंवा लिक्विड क्ले, म्हणजे पातळ ओतता येणारी क्ले भरा, परत भाजा, परत घासा. पॉलिमर क्ले परत परत भाजता येते ही तिची फार मोठी सोय आहे, आणि त्या जोरावर मुद्दाम रेघा कोरून त्यात वेगळ्या रंगाची क्ले भरून, भाजून, सपाट घासून नक्षी काढतात ते काम तर बघत रहावं असं होतं.

रंगांचं पण थोडं बघावं लागतं. काळा, गडद निळा, गडद हिरवा यांवर प्रत्येक ओरखडा पांढरा दिसतो, त्यामुळे गडद रंग निवडला की एकदोन कागद जास्त धरूनच चाला. पांढऱ्यावर ओरखडे दिसत नाहीत पण मळ दिसतो, शेजारी लाल किंवा काळा असेल तर त्याची भुकटी पांढऱ्यात बसते आणि गुलाबी किंवा राखाडी छटा येते. लाल यात सगळ्यात त्रासदायक. अशा तुकड्याला वाहत्या पाण्याच्या बारीक धारेखाली घासा म्हणजे भुकटी थांबतच नाही, आणि शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसून घ्या. टेक्स्चर असेल, म्हणजे साच्याने उठवलेली नक्षी, तर तिच्या खाचांत पांढरी भुकटी अडकते ती मऊ टूथब्रशने काढा.

काही ठिकाणी सँडिंग करायचंच नसतं. वरून मायका पावडर, म्हणजे अभ्रकाची चमकदार भुकटी चोळलेली, सोन्याचांदीचा वर्ख किंवा फॉइल लावलेलं, प्रिंट ट्रान्सफर केलेलं, यात सगळी शोभा एका पातळ थरात असते, कागद लावला की ती गेली. तिथे फक्त कडा आणि मागची बाजू करा आणि पुढच्या बाजूला व्हार्निशचं संरक्षण द्या. याच्या बरोबर उलट मायका शिफ्ट नावाचं तंत्र. मोत्याच्या छटेच्या क्लेमध्ये अभ्रकाचे चपटे कण असतात, लाटून लाटून ते सगळे एका दिशेला झोपतात, मग त्यावर ठसा दाबला की तिथले कण तिरपे होतात, उठलेला भाग पात्याने कापून सपाट करायचा, भाजायचं आणि घासायचं. बोटाला पृष्ठभाग एकदम सपाट लागतो पण डोळ्यांना नक्षी खोल दिसते, तुकडा हलवला की ती हलते. ही नक्षी सँडिंग आणि बफिंगशिवाय अर्धीच उघडते. ट्रान्सलुसंट, म्हणजे अर्धपारदर्शक क्लेचं पण तसंच, ती घासल्यावर आणि चकाकी दिल्यावरच आतलं दाखवते. मला विचाराल तर फिनिशिंगमध्ये मन रमत नाही म्हणणाऱ्याने एकदा मायका शिफ्टचा एक साधा गोल करून बघावा.

थांबायचं कुठे हे दागिन्यावर आहे. मॅट हवं असेल तर ८०० किंवा १००० पुरे, मग फक्त जुन्या जीन्सच्या कापडावर जोरात घासा, हळुवार सॅटिन चमक येते जी मला रोज घालायच्या कानातल्यांवर सगळ्यात जास्त शोभते असं वाटतं. काचेसारखी चमक हवी असेल तर २००० पर्यंत जा आणि मग बफिंग. बफिंगसाठी मोटरवर सुटी, न शिवलेली मलमलीची किंवा फ्लॅनेलची चकती, वेग कमी, आणि तुकडा सतत हलता ठेवायचा, एका जागी सेकंदभर जास्त टेकवला तरी घर्षणाने क्ले वितळून चर पडतो. वर कुठलंही पॉलिशिंग कंपाउंड लावायची गरज नाही, ते खाचांत अडकून बसतं. केस बांधा, ओढणी किंवा सैल बाह्या नकोत, डोळ्यांवर चष्मा, आणि तुकडा चकतीच्या खालच्या भागाला टेकवा म्हणजे सुटला तर तुमच्यापासून लांब उडेल.

वरून काय लावायचं, हे थोडक्यात. नीट भाजलेल्या, नीट घासलेल्या क्लेला टिकण्यासाठी काहीच लावायची गरज नसते. लावायचंच असेल तर पाण्यावर आधारित पॉलियुरेथेन व्हार्निश, दोन पातळ थर, बाटली हलवायची नाही, ढवळायची, नाहीतर बुडबुडे. लावण्याआधी अल्कोहोलने पुसा म्हणजे हाताचं तेल जातं, आणि वाळल्यावर साधारण ९० अंशाला दहाएक मिनिटं परत ओव्हनमध्ये ठेवलं तर थर छान बसतो. नेलपॉलिश लावू नका, त्यातले सॉल्व्हंट क्लेला मऊ करतात आणि काही दिवसांनी ते चिकट होतं, बऱ्याच स्प्रे वार्निशांचंही तेच, आधी टाकाऊ तुकड्यावर मारून काही आठवडे बघा. यूव्ही रेझिन, म्हणजे अतिनील दिव्याखाली कडक होणारं रेझिन, घुमटासारखी चमक देतं पण कच्चं रेझिन त्वचेला लागून ॲलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की ती पाठ सोडत नाही, नायट्राइल ग्लोव्हज घाला, खिडकी उघडी ठेवा. रेझिनखाली ६०० किंवा ८०० वर थांबलं तरी चालतं, बारीक ओरखडे भरले जातात आणि रेझिनला पकड पण मिळते. मॅट किंवा सॅटिनवर मला मेणच आवडतं, रेनेसाँ वॅक्स नावाचं मायक्रोक्रिस्टलाइन मेण मिळतं जे ब्रिटिश म्युझियममध्ये १९५० च्या दशकात संग्रहातल्या वस्तू जपण्यासाठी तयार झालं होतं, बोटावर अगदी कणभर घेऊन चोळायचं आणि कापडाने उजळायचं.

भोकं सँडिंग जवळजवळ झाल्यावर पाडा, शेवटच्या कागदाच्या आधी. हाताने फिरवायचं छोटं ड्रिल पुरतं, १ ते दीड मिलिमीटरचं टोक, तुकड्याखाली टाकाऊ लाकडाचा तुकडा ठेवा म्हणजे मागच्या बाजूने टवका निघत नाही. भोकाच्या तोंडाशी उठलेला पापुद्रा बारीक कागदाने काढा, जंप रिंग, म्हणजे तुकडे जोडणारी छोटी धातूची कडी, तिथे रोज घासणार असते. मागे पोस्ट, म्हणजे कानात जाणारी धातूची काडी, चिकटवायचा असेल तर त्या जागी मागची बाजू मुद्दाम ३२० ने खरखरीत करा आणि पोस्टची धातूची चकती पण, मग दोन भागांचं इपॉक्सी. इन्स्टंट ग्लू कडक आणि ठिसूळ असतो, क्ले थोडी वाकते आणि तो सुटतो. पोस्ट चिकटवून वर लिक्विड क्लेचा पातळ थर देऊन परत भाजला तर सगळ्यात पक्कं, पण मग व्हार्निश त्यानंतर, आणि इपॉक्सी भाजायच्या तापमानाला चालतं का ते त्याच्या पाकिटावर बघून घ्या.

शेवटी त्या रंगीत पाण्याचं. ते सिंकमध्ये ओतू नका, त्यात प्लास्टिकचीच भुकटी आहे, गाळण होऊन कुठे जात नाही, पाण्यातच राहते. भांडं रात्रभर ठेवा, भुकटी खाली बसते, वरचं पाणी जुन्या दाट कापडातून किंवा कॉफीच्या फिल्टरमधून गाळा, आणि खालचा गाळ वाळवून कोरड्या कचऱ्यात. कोरडं सँडिंग करावंच लागलं, पोस्ट लावल्यावर एखादी कड राहिलेली दिसली वगैरे, तर एन९५ मास्क लावून आणि खाली ओलं कापड पसरून करा, नंतर ते कापड झटकू नका, भांड्यात पिळून त्याचंही पाणी तसंच गाळा. आणि वापरलेले वॉटर पेपर धुऊन, वाळवून मागे आकडा परत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, ओले झाले की छापलेला आकडा पुसट होतो आणि पुढच्या वेळी ६०० कुठला आणि १००० कुठला हे हाताला कळत नाही.